कागदी पिशव्यांवरचे धडे

१९१६ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. त्या बेटावरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत अठरा वर्षांची एक मुलगी शिक्षिका म्हणून रुजू झाली. बेटावर जायला तेव्हा पूल नव्हता, होडीने जावे लागे. शाळेत शेतमजुरांची १३२ मुले आणि त्यांना शिकवायला दोघीच जणी. या मुलीकडे मुख्याध्यापिकेचेही काम होते. तिचा पगार ३५ डॉलर. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्यांची शाळा होती. तिथे विद्यार्थी तीन आणि शिक्षिकेचा पगार ८५ डॉलर.

मुलांच्या उपयोगी पडतील अशी पुस्तके नव्हती. मग या शिक्षिकेने एक युक्ती केली. ती मुलांनाच विचारू लागली, शाळेत येताना वाटेत काय काय दिसले? शेतात काय उगवले आहे? आभाळात काय पाहिले? मुले आपल्या बोलीत सांगत. ती ते लिहून घेई. लिहायला कागद नव्हता, म्हणून ड्रायक्लिनिंगच्या दुकानातून कपडे ज्यात गुंडाळून येत त्या कागदी पिशव्या घ्यायच्या, त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत मुलांच्या गोष्टी लिहायच्या आणि भिंतीला ठोकायच्या. तेच पाठ्यपुस्तक. मूल भिंतीकडे बघून वाचायला शिके आणि वाचलेले वाक्य त्याचे स्वतःचेच असे.

या शिक्षिकेचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट, लग्नानंतर सेप्टिमा क्लार्क. वडील गुलाम म्हणून जन्मलेले, आई लोकांचे कपडे धुणारी. आज अमेरिकेतील शिक्षणशास्त्राच्या विद्यापीठांत मुलाच्या संस्कृतीला धरून शिकवावे असा एक मोठा विचार मांडला जातो. त्याचे ग्रंथ आहेत, पदव्या आहेत, परिषदा भरतात. पण त्याचा उगम शोधायचा तर आम्हाला वाटते त्या भिंतीवरच्या पिशव्यांपाशी जावे लागेल.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते काय, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले त्याला लागूनच हार्लेमची कृष्णवर्णीय वस्ती. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने आपले नाव तिकडूनच घेतले. असे असूनही आपल्या घराघरात नाव माहीत आहे ते मार्टिन ल्यूथर किंग यांचे. ज्या बायकांनी फळ्यासमोर उभे राहून पुढारपण केले त्यांची नावे आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी.

सेप्टिमाबाई बेटावर गेल्या याचेही कारण होते. त्या चार्ल्सटनच्याच. शिक्षिकेचे शिक्षण त्यांनी तिथेच पुरे केले. पण चार्ल्सटन शहराचा नियम असा, की कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळांतही शिक्षक गोरेच असायचे. आपल्याच मुलांना शिकवायची बंदी! १९१९ साली याविरुद्ध चळवळ झाली. विरोधक म्हणाले, शिकल्यासवरलेल्या चार उजळ लोकांनाच कृष्णवर्णीय शिक्षक हवे आहेत, स्वयंपाकिणींना आणि धोबिणींना नको आहेत. तेव्हा सेप्टिमाबाई घरोघर फिरल्या आणि स्वयंपाकिणी-धोबिणींच्याच सह्या घेऊन आल्या. दुसऱ्या वर्षी नियम बदलला. पुढे १९४५ साली गोऱ्या आणि काळ्या शिक्षकांना समान पगार मिळावा म्हणून कोलंबिया या राज्याच्या राजधानीच्या शहरात खटला झाला, वकील थर्गुड मार्शल. त्या कामातही बाई होत्या आणि तोही खटला जिंकला.

मग १९५६ साल आले. एन.ए.ए.सी.पी. ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना. दक्षिण कॅरोलिना सरकारने कायदा केला, की सरकारी नोकराला तिचे सभासद राहता येणार नाही. पुष्कळांनी मुकाट्याने नाव काढून घेतले. पोटापुढे कोणाचे काय चालते, त्यांना आम्ही दोष देणार नाही. सेप्टिमाबाईंनी मात्र सभासदत्व लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. वय अठ्ठावन्न.

तेव्हा टेनेसी राज्यात हायलँडर नावाची एक लोकशाळा होती. काळे-गोरे तिथे एका टेबलावर जेवत, जे त्या मुलखात गुन्ह्यासारखेच होते. १९५५ सालच्या उन्हाळ्यात तिथल्या शिबिराला माँटगोमेरीहून एक शिवणकाम करणारी बाई आली होती. तिचे नाव रोझा पार्क्स. त्याच वर्षी डिसेंबरात तिने बसमधली जागा सोडायला नकार दिला, तो इतिहास सर्वांना माहीत आहे. ते शिबिर चालवणाऱ्या सेप्टिमाबाई होत्या, हे मात्र इतिहासाच्या तळटिपेत राहून गेले. नोकरी गेल्यावर त्या हायलँडरलाच कामाला लागल्या.

जॉन्स आयलंडवर इसाव जेंकिन्स नावाचे गृहस्थ होते. बेटावरच्या मजुरांना आपल्या बसमधून चार्ल्सटनला कामावर नेत. मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. तो गोऱ्या कारकुनापुढे. निरक्षर माणूस बाद. जेंकिन्स बस चालवताना प्रवाशांकडून घटनेची कलमे पाठ करून घेऊ लागले. बसमधल्या एका बाईची कलमे तोंडपाठ झाली. पण ती म्हणाली, मला पाठ नको, मला वाचायला शिकव. त्या मागणीतून १९५७ च्या जानेवारीत पहिली ‘नागरिकत्व शाळा’ निघाली. एका जुन्या इमारतीत पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग. गोऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ही योजना.

शिक्षक कोण नेमावा हा प्रश्न आला, तेव्हा सेप्टिमाबाईंनी शिकलेला शिक्षक नेमलाच नाही. त्यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. त्यांचे ब्यूटी पार्लर होते आणि त्या शिवणकामही करीत. गिऱ्हाईक सगळे आपल्यातलेच, म्हणजे कोणी गोरा मालक नोकरीवरून काढील ही भीती नाही. शिवाय ज्या बाईच्या हाताखाली रोज चार बायका मोकळेपणी बोलतात तिला माणसाचे ऐकून घेण्याची सवय असते. प्रशिक्षित शिक्षक मोठ्या माणसांनाही ‘अ’ अननसाचा करायला लावील आणि ती माणसे लाजून दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, हे सेप्टिमाबाईंनी बरोबर ओळखले होते.

पहिल्या रात्री चौदा जण आले. बर्निसबाईंनी लहान मुलांच्या शाळेतले साहित्य बरोबर नेले होते. समोरची माणसे पाहताच ते त्यांनी बाजूला ठेवले. मी काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, अशा अर्थाचे बोलून त्यांनी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणी म्हणाले, सही करायची आहे. कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. कोणाला दुकानाच्या कॅटलॉगमधून सामान मागवायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, आणि सगळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायचे होते. झाला अभ्यासक्रम तयार. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव लिहून दिले, ते गिरवायचे. नांगर धरलेल्या हातात पेन्सिल टिकेना, मोडे. मोडली तर दुसरी. पासष्ट वर्षांच्या एका बाईने काही आठवड्यांनी फळ्यावर लिहिलेल्या नावांतून आपले नाव शोधून काढले आणि छडी घेऊन सगळ्यांना दाखवले, हे माझे नाव आणि हे आडनाव. बर्निसबाई सांगत, अंगावर शहारा आला.

आम्ही हे सविस्तर लिहितो याचे कारण आहे. आपल्याकडे प्रौढ शिक्षणाचे वर्ग आम्ही पाहिले आहेत. कंदील आला, पाट्या आल्या, पुस्तके आली, आणि पंधरा दिवसांत वर्ग ओस पडला. आलेल्यांना काय हवे ते कोणी विचारलेच नव्हते.

नागरिकत्व शाळांचे लोण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आणि तिथून साऱ्या दक्षिणेत गेले. १९५९ साली हायलँडरवर पोलिसांची धाड पडली, सेप्टिमाबाईंना खोट्या आरोपाखाली पकडले. १९६१ साली हे काम किंग यांच्या संघटनेकडे आले. सेप्टिमाबाई आणि डोरोथी कॉटन यांनी जॉर्जियातल्या एका केंद्रावर शेतकरी, धोबिणी, केस कापणाऱ्या बायका यांना आणून शिक्षक बनवले. असे कित्येक हजार शिक्षक तयार झाले. तरी त्या संघटनेच्या बैठकीत बाईमाणसाच्या शब्दाला वजन नव्हते. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व तुम्हीच करू नका, गावोगावची माणसे पुढारी बनवा, असे त्यांनी किंग यांना पत्राने कळवले होते. ते बैठकीत वाचले गेले तेव्हा लोक हसले, हे बाईंनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. आपल्या चळवळीतल्या भगिनींनी हे वाचून काय म्हणावे ते त्यांच्यावर सोडतो.

इकडे बेटावर असे चालले असताना देशात दुसरी मोठी गोष्ट घडत होती. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्याचा निकाल दिला. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. हा निकाल थोर होता यात शंका नाही. पण त्याच्या अंमलबजावणीत जे झाले ते आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. शाळा एकत्र करायच्या म्हणजे काय केले? कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या आणि मुलांना बसमधून गोऱ्यांच्या शाळेत पाठवले. मुले गेली, त्यांच्या शिक्षकांना कोणी घेतले नाही. ज्या टोपेका शहरातून हा खटला निघाला तिथल्या शाळाप्रमुखाने तर निकालाआधीच, १९५३ साली, कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्र पाठवले होते. गोऱ्या मुलांना निग्रो शिक्षक लोकांना चालणार नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षीचा भरवसा धरू नका, असा त्याचा आशय. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या असा अंदाज केला जातो. नॉर्थ कॅरोलिनात १९६३ साली माध्यमिक शाळांत २२७ कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होते. १९७० साली उरले आठ.

मुलाची आई कोण, बाप कुठे कामाला आहे, घरात आज चूल पेटली का, हे ज्याला ठाऊक होते तो शिक्षक गेला. नव्या शाळेत इमारत चांगली, प्रयोगशाळा चांगली. पण वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. ‘मंदबुद्धी’ म्हणून त्याला वेगळे बसवू लागले.

यातून मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी एक खटला उभा राहिला. सरकारी घरकुलांत राहणाऱ्या काही आया १९७७ साली कोर्टात गेल्या. मुले ज्या शाळेत जात तिला नाव होते मार्टिन ल्यूथर किंग यांचेच! त्यांची तक्रार, की आमच्या मुलांना वाचायला येत नाही आणि शाळा त्यांना अपंग ठरवते आहे. जिनिव्हा स्मिदरमन या भाषातज्ज्ञ बाईंनी कोर्टात मांडले, की ही मुले घरी जी इंग्रजी बोलतात ती अशुद्ध नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आफ्रिकेतून आलेले संस्कार आहेत. शिक्षकांना ते माहीत नाही म्हणून ते मुलाच्या बोलीला मुलाची चूक समजतात. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश जॉयनर यांनी निकाल दिला. शाळा मंडळाने शिक्षकांना या मुलांची घरची बोली ओळखायला शिकवावे आणि तिचा आधार घेऊन प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावे, त्यासाठी योजना सादर करावी, असा हुकूम झाला.

आमच्या पिढीतल्या अनेकांना हे वाचून आपला पहिलीचा वर्ग आठवेल. आम्हाला आठवतो. ‘मला न्हाई ठावं’ म्हटले की वर्ग हसे, गुरुजीही हसत. घरी आई जे बोलते ते चूक, हा शाळेतला आमचा पहिला धडा. त्यानंतर कित्येक महिने आम्ही वर्गात तोंडच उघडले नाही, आणि प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘अबोल’.

तरी एक गोष्ट नमूद करायला हवी. मुलांच्या बोलीचे कौतुक करून तेवढ्यावर थांबणारे शिक्षकही असतात. त्यांच्यावर लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी कडक टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की ज्या भाषेत नोकऱ्या आणि सत्ता मिळते ती भाषा आणि तिचे नियम गरिबाच्या मुलाला उघडपणे, स्पष्टपणे शिकवलेच पाहिजेत. सुखवस्तू घरातल्या मुलाला ते घरीच मिळतात, याला कोण देणार? आम्हाला हे पटते. घरची बोली सन्मानाने ठेवावी आणि पुस्तकाची भाषाही पक्की करून घ्यावी. एकीसाठी दुसरी टाकायला लावणे हा मुलावर अन्याय.

आता ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांच्याविषयी. फिलाडेल्फियात वाढलेल्या या बाई विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. कृष्णवर्णीय मुले मागे का पडतात यावर तेव्हा ढिगाने संशोधन होत होते. त्यांनी प्रश्नच उलटा केला: ज्या शिक्षकांच्या हाताखाली ही मुले पुढे जातात ते शिक्षक करतात तरी काय? असे शिक्षक शोधायला त्या आधी पालकांकडे गेल्या. आपल्या मुलांना शाळेबद्दल गोडी लावणारा, आपल्याशी आदराने वागणारा शिक्षक कोण, हे आईबापांना विचारले. मग मुख्याध्यापकांना विचारले. दोन्ही याद्यांत ज्यांची नावे आली त्यांतले आठ शिक्षक निवडले आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या वर्गांत बसून पाहिले. पाच कृष्णवर्णीय, तीन गोऱ्या. म्हणजे कातडीचा रंग एक असलाच पाहिजे असे नाही, हेही त्यात दिसले. ‘द ड्रीमकीपर्स’ हे त्यांचे पुस्तक १९९४ साली आले.

त्यातल्या एका शिक्षिकेची रीत आम्हाला फार आवडली. ती पालकांना वर्गात ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावी. वस्तीतल्या एका आईची रताळ्याचे ‘पाय’ करण्यात ख्याती होती. (हा पाय म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. वाचकांनी भलतेच समजू नये.) तिला वर्गात बोलावले. तिने दोन-चार दिवस रोज दोन तास मुलांना पाय करायला शिकवले. मग मुलांना अभ्यास दिला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने रताळ्यावर काय संशोधन केले त्याचा अहवाल लिहा. पाय विकायचे तर व्यवहार कसा जमवाल ते मांडा. आचारी व्हायला शिक्षण कोणते लागते ते शोधा. शास्त्र, गणित, लेखन, सगळे त्यात आले. शिवाय त्या आईच्या मुलाने पाहिले, की आपल्या आईला काहीतरी येते आणि शाळा ते शिकायला तिच्याकडे येते. पुढे सुतारकाम करणारे आले, रुग्णांची सेवा करणारी परिचारिका आली, चर्चमध्ये वाजवणारे आले.

लॅडसन-बिलिंग्ज यांनी अशा शिकवण्याच्या तीन कसोट्या सांगितल्या. मूल खरोखर शिकले पाहिजे. आपली संस्कृती न सोडता शिकले पाहिजे. आणि भोवतालचा अन्याय ओळखून प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. पहिली कसोटी पहिल्या क्रमांकाची आहे, हे पुष्कळ जण विसरतात. वर्षातून एक दिवस ढोल वाजवून आफ्रिकी पोशाख घालणे म्हणजे हे शिक्षण नव्हे, असे त्या पुनःपुन्हा सांगत आल्या आहेत. २००६ साली अमेरिकेच्या शैक्षणिक संशोधन परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. मुलांच्या गुणांतल्या ‘तफावती’बद्दल बोलणे पुरे, पिढ्यान्‌पिढ्या जे द्यायचे राहिले त्या ‘कर्जा’बद्दल बोला. कर्ज म्हटले की देणेकरी कोण हे विचारावे लागते. तफावत म्हटले की बोट मुलाकडे जाते.

आजची स्थिती काय? २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या सरकारी शाळांतले सुमारे ८० टक्के शिक्षक गोरे, कृष्णवर्णीय ६ टक्के. विद्यार्थी मात्र १५ टक्के कृष्णवर्णीय. नॉर्थ कॅरोलिनातल्या सुमारे एक लाख कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी ते पाचवीत ज्यांना निदान एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला त्या मुलांत शाळा सोडण्याचे प्रमाण घटलेले दिसले, आणि अतिगरीब मुलग्यांत तर ते ३९ टक्क्यांनी कमी होते. एक शिक्षक, एक वर्ष! दुसरीकडे २०२१ पासून अनेक राज्यांनी वर्गात वंशभेदाविषयी काय शिकवावे यावर बंधने घातली आहेत. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा माध्यमिक शाळांतला नवा अभ्यासक्रम नाकारला. १९५६ सालचा तो कायदा वाचकांना आठवत असेलच.

सेप्टिमाबाई १९७० मध्ये निवृत्त होऊन चार्ल्सटनला परत आल्या. १९७५ साली चार्ल्सटन जिल्ह्याच्या शाळा मंडळाची निवडणूक झाली. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. वय सत्याहत्तर. ज्या गावाने त्यांना शाळेतून काढले होते तिथल्या शाळांचा कारभार ठरवायला आता त्या बसू लागल्या. १९७६ साली राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांचे बडतर्फ होणे अन्यायाचे होते असे मान्य करून पेन्शन सुरू केली. वीस वर्षे उशीर झाला होता. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच जॉन्स आयलंडवर.